शास्त्रानें घडविलेली करपद्धति

करांवरील ग्रंथ सहसा कोणी आवडीनें वाचीत नाहीं. ज्याला कर भरावयाचा त्याला तो किती, एवढें कळलें म्हणजे पुरें असतें. ज्याला तो बसवावयाचा त्याला तो कोणत्या सबबीवर बसवितां येईल, एवढ्याशींच कर्तव्य असतें. या दोघांच्या मध्यें तिसरा एक मनुष्य उभा असतो, व तो म्हणजे अर्थशास्त्रज्ञ. कर कोणता असावा, कोणावर असावा, किती असावा, या प्रश्नांचीं उत्तरें राजकारणाच्या ओढाताणींतून न निघतां कांहीं तत्त्वांवरून निघावीं, असा त्याचा आग्रह असतो. हा आग्रह कोठवर टिकतो याची कसोटी पाहावयाची असेल तर ‘टॅक्स बाय डिझाइन’ या ग्रंथाइतकें चांगलें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. लंडन येथील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेच्या विद्यमानें सिद्ध झालेला हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें २०११ सालीं प्रसिद्ध केला. त्यास आतां बरींच वर्षें लोटलीं, व नव्या पुस्तकांच्या परामर्शांत त्याचा समावेश होऊं शकत नाहीं, हें खरें. परंतु अशा ग्रंथाचें परीक्षण उशिरा केलेलेंच बरें, असें आम्हांस वाटतें. सरकारनें कसें वागावें हें सांगणाऱ्या ग्रंथाची परीक्षा, सरकार पुढें कसें वागलें हें पाहिल्यावांचून पुरी होत नाहीं.

ग्रंथाचे कर्ते जेम्स मर्लीज यांस धरून एकंदर दहा आहेत. दहा जणांनीं मिळून लिहिलेलें पुस्तक बहुधा ठिगळाठिगळांच्या गोधडीसारखें दिसतें. येथें मात्र तसें झालेलें नाहीं. भाषा सरळ आहे, गणिताचा बडिवार नाहीं, आणि कोठून निघून कोठें पोंचावयाचें याचें भान कोणत्याहि प्रकरणांत सुटलेलें नाहीं. मर्लीज यांचा जन्म स्कॉटलंडांत १९३६ सालीं झाला. १९९६ सालीं त्यांस विल्यम व्हिक्री यांच्याबरोबर अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि २०१८ सालीं ते निवर्तले. याच संस्थेनें पूर्वीं जेम्स मीड यांच्या अध्यक्षतेखालीं प्रत्यक्ष करांचा असाच समग्र विचार करवून १९७८ सालीं एक अहवाल काढला होता. प्रस्तुत ग्रंथ त्याचा वारस म्हणावयास हरकत नाहीं. त्याच्या जोडीस निरनिराळ्या तज्ज्ञांचे निबंध असलेला एक जाडजूड खंड २०१० सालीं निघाला. तो अभ्यासकांसाठींच असल्यामुळें त्याचा उल्लेख येथें प्रसंगोपात्तच येईल.

या सर्व विचाराचें मूळ मर्लीज यांच्या १९७१ सालच्या एका निबंधांत आहे. प्रश्न दिसावयास मोठा साधा आहे. दोन माणसें आहेत. एकाच्या अंगीं कमाईची शक्ति अधिक, दुसऱ्याच्या अंगीं कमी. सरकारास न्याय करावयाचा तर शक्तीवरच कर बसविला पाहिजे. तसा कर बसविल्यानें कोणी काम टाकणार नाहीं, कारण काम केलें न केलें तरी कर तितकाच. परंतु माणसाची शक्ति त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. सरकारास दिसते ती फक्त मिळकत. आणि मिळकतीवर कर बसविला कीं शक्तिमान मनुष्यहि अंगचोरपणा करून अशक्ताच्या पंक्तीस बसूं शकतो. म्हणून श्रीमंताकडून किती घ्यावें याची मर्यादा केवळ त्याच्या ऐपतीवरून ठरत नाहीं. कर वाढला असतां तो आपलें काम किती आखडतें घेईल, यावरूनहि ती ठरते. मनुस्मृतींत राजाच्या करग्रहणास जळू, वासरूं आणि भुंगा यांचा दृष्टान्त दिलेला आहे. मर्लीज यांनीं त्या दृष्टान्तांत एक नवी अडचण घातली असें म्हणतां येईल : फुलांत मध किती आहे हें भुंग्यास ठाऊक नाहीं, आणि फूल तो लपवूं शकतें.

या निबंधाचा निष्कर्ष खुद्द कर्त्यासच अनपेक्षित होता. ब्रिटनमध्यें त्या काळीं वरच्या पायरीवरील करांचे दर फार उंच असत, व शास्त्रशुद्ध विचारानें त्यांस पाठबळ मिळेल अशी मर्लीज यांची अपेक्षा होती. गणित मात्र बेताच्या व जवळजवळ सरसकट अशा दराकडे गेलें. पुढें इतरांनीं तेंच गणित प्रत्यक्ष आंकड्यांवर चालविलें तेव्हां उत्तर पुन्हां बदललें. वर सांगितलेल्या जोडखंडांत तिघां लेखकांनीं ब्रिटनसाठीं हिशेब केला आहे. कर जाऊन हातीं राहणारा भाग शेंकडा १ नें वाढला तर अतिश्रीमंतांची मिळकत शेंकडा ०.४६ नें वाढते असें धरून, आयकर, विम्याची वर्गणी व खरेदीवरील कर मिळून त्यांच्यावर होणाऱ्या एकंदर कराचा सर्वांत अधिक उत्पन्न देणारा दर त्यांनीं शेंकडा ५६ काढला. पीटर डायमंड आणि इमॅन्युएल साएझ यांनीं २०११ सालीं अमेरिकेसाठीं त्याच सूत्रांत ०.२५ हा आंकडा घातला, व उत्तर शेंकडा ७३ आलें. दोन देशांतील मिळकतीच्या वांटणीचा थोडा फरक त्यांत आहे. पण मुख्य फरक त्या एका आंकड्याचा. गंमत अशी कीं, हे साएझ दोन्ही हिशेबांचे सहलेखक आहेत. सूत्र एक, लेखकांपैकीं एक तोच, आणि उत्तरांत सतरा टक्क्यांचें अंतर!

यावरून शास्त्र निरुपयोगी ठरतें असें आम्ही म्हणत नाहीं. वाद नेमका कोणत्या आंकड्यावर आहे हें दाखवून देणें ही लहानसहान कामगिरी नव्हे. ज्या वादांत पूर्वीं एका बाजूस ‘न्याय’ व दुसऱ्या बाजूस ‘उद्यमशीलता’ असे मोठमोठे शब्दच एकमेकांवर आदळत, तेथें निदान मोजतां येण्यासारखें कांहीं तरी आलें. परंतु ‘शास्त्र असें सांगतें’ अशा शब्दांनीं जो कोणी एखादा दर पुढें करील त्यास ‘महाराज, आंकडा कोणता धरला?’ असें विचारण्याचा हक्क वाचकांनीं सोडूं नये. आमच्या लेखकांनीं ही गोष्ट लपविलेली नाहीं. मात्र तीवरून ते जरा लगबगीनें पुढें जातात.

वस्तूंवरील करांच्या विचारास फ्रँक रॅम्झी या केंब्रिजच्या तरुण गणित्यापासून आरंभ झाला. वयाच्या २६ व्या वर्षीं, १९३० सालीं, तो वारला. त्यापूर्वीं १९२७ सालीं त्यानें करांवर एक निबंध लिहिला होता. त्याचा इत्यर्थ थोडक्यांत असा कीं, किंमत वाढली तरी ज्या वस्तूचा खप फारसा घटत नाहीं तिच्यावर कर जड असावा. तेणेंकरून लोकांच्या वर्तनांत कमींत कमी ढवळाढवळ होते. हें वाचतांच मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढें एकच वस्तु उभी राहील, व ती म्हणजे मीठ. हिंदुस्थान सरकारास हें तत्त्व रॅम्झीच्या जन्मापूर्वींच व्यवहारांत सांपडलें होतें, आणि १८८८ सालीं मिठावरील कर मणास अडीच रुपयांवर गेला होता. १९०२ सालच्या अंदाजपत्रकावर बोलतांना गोपाळ कृष्ण गोखले यांनीं या करावर जो हल्ला चढविला तो केवळ भूतदयेचा नव्हता. गरिबाच्या ताटांतून पैसा काढूं नये हा मुद्दा तर त्यांत होताच. पण मिठाचा खप या करामुळें खुंटला आहे, म्हणजे माणसें मिठांतहि काटकसर करूं लागलीं आहेत, हा मुद्दाहि त्यांनीं मांडला. शास्त्रीय भाषेंत बोलावयाचें तर, ज्या वस्तूची मागणी ताठर समजून कर बसविला ती गरिबाच्या घरीं तितकी ताठर नाहीं, असें गोखल्यांचें म्हणणें होतें. १९०३ पासून हा कर पायरीपायरीनें उतरत १९०७ सालीं मणास एक रुपयावर आला, आणि १९४७ सालीं तो अजीबात उठला. रॅम्झीच्या गणितांत सगळीं माणसें एका सांच्याचीं आहेत. त्यांत गरीब नाहीं व श्रीमंतहि नाहीं. गोखल्यांचा सगळा युक्तिवाद ज्या भेदावर उभा होता तो भेदच त्या गणितानें आरंभीं पुसून टाकलेला होता.

ही उणीव पुढील पंडितांनीं ओळखली, व १९७६ सालीं ॲटकिन्सन आणि स्टिग्लिट्झ यांनीं अगदीं उलट टोकाचा सिद्धान्त मांडला. मिळकतीवरील कर नीट बसवितां येत असेल, आणि कोणती वस्तु कोण घेतो याचा त्याच्या कामाच्या आवडीनावडीशीं संबंध नसेल, तर वस्तूवस्तूंत भेद करण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. सर्वांवर एकच दर ठेवावा, व गरिबाची काळजी आयकरानें आणि सरकारी मदतीनें घ्यावी. प्रस्तुत ग्रंथाचा निम्माअधिक डोलारा याच सिद्धान्तावर उभा आहे. लेखकांनीं आपलीं तत्त्वें तीन सांगितलीं आहेत. सर्व कर व सर्व मदती मिळून एक यंत्र आहे असें समजून त्याचा एकत्र विचार करावा. सारख्या गोष्टींवर सारखा कर असावा, व भेद करावयाचा तर त्यास सबळ कारण असावें. आणि श्रीमंतांकडून अधिक घेण्याचें काम त्यासाठींच असलेल्या करांकडे सोंपवावें, प्रत्येक करास त्या कामास जुंपूं नये. उत्पादनास लागणाऱ्या कच्च्या मालावर कर नको, हा डायमंड व मर्लीज यांचाच एक जुना सिद्धान्तहि या विचारांत अर्थातच आहे. त्याची सत्यता पटण्यास महाराष्ट्रांतील माणसास इंग्रजी ग्रंथ वाचण्याची गरज नाहीं. शहराच्या वेशीवरील जकातनाक्यासमोर लागलेली मालमोटारींची रांग ज्यानें पाहिली आहे त्यास तो सिद्धान्त तोंडपाठ असावयाचा. मुंबईंतील जकात १ जुलै २०१७ रोजीं बंद झाली, व त्याबद्दल कोणीं शोक केल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

आतां ग्रंथाच्या गाभ्याकडे वळूं. ब्रिटनमध्यें १९७३ सालापासून मूल्यवर्धित कर आहे. २०११ च्या जानेवारीपासून त्याचा मुख्य दर शेंकडा २० आहे. परंतु बहुतेक खाद्यपदार्थ, मुलांचे कपडे, पुस्तकें व वर्तमानपत्रें यांवर दर शून्य. या सवलतींमुळें कायद्यांत कशा गमती उत्पन्न होतात हें सांगतांना लेखकांची लेखणी खुलते. केकवर कर नाहीं, बिस्किटावरहि नाहीं, पण बिस्किटावर चॉकलेटचा थर चढला कीं पुरा कर. तेव्हां ‘जाफा केक’ नांवाचा जो पदार्थ बिस्किटांच्या फळीवर विकला जातो, तो केक कीं बिस्किट, याचा निवाडा १९९१ सालीं एका न्यायाधिकरणास करावा लागला. शिळा झाला म्हणजे केक कडक होतो व बिस्किट मऊ पडतें, हाहि त्या निवाड्यांतला एक विचार होता! पदार्थ केक ठरला आणि कर वांचला. आपण हंसावें असें नाहीं. आमच्याकडेहि २०२० सालीं कर्नाटकांतील एका प्राधिकरणानें पराठा म्हणजे रोटी नव्हे असा निर्णय देऊन एकावर शेंकडा १८ व दुसरीवर शेंकडा ५ असा कर ठरविला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी व पराठा दोन्ही करमुक्त झालीं तेव्हां कोठें हा वाद मिटला.

लेखकांचें म्हणणें असें कीं, या सवलती मुळांतच चुकीच्या आहेत. गरीब घराच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा असतो हें खरें. पण श्रीमंत घर अन्नावर खर्च करतें ती रक्कम गरिबापेक्षां मोठीच असते. म्हणून अन्नावरील कर सोडून दिल्यानें जो पैसा सरकार गमावतें त्याचा मोठा भाग ज्यांस गरज नाहीं त्यांच्या खिशांत राहतो. त्यापेक्षां सर्व वस्तूंवर कर घ्यावा, आणि आलेल्या पैशांतून गरिबांची मदत इतकी वाढवावी कीं त्यांचें नुकसान तर होऊं नयेच, उलट थोडा फायदा व्हावा. शिवाय सरकारच्या हातीं कांहीं शिल्लकहि उरेल. लेखकांनीं याचे तपशीलवार हिशेब करून दाखविले आहेत, व त्या हिशेबांत आम्हांस कोठें चूक काढतां येत नाहीं.

चूक हिशेबांत नाहीं. ती काळांत आहे. भाकरीवरील कर आज बसतो व बसलेला राहतो. त्याच्या मोबदल्यांत दिलेली मदत मात्र दरसाल नव्यानें ठरावयाची असते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर ब्रिटनमध्यें काय घडलें तें पाहा. काम करण्याच्या वयांतील लोकांस मिळणाऱ्या बहुतेक मदतींची वाढ २०१३ पासून तीन वर्षें शेंकडा १ वर रोखून धरण्यांत आली, आणि २०१६ च्या एप्रिलपासून पुढें चार वर्षें त्या जागच्या जागीं गोठविण्यांत आल्या. महागाई चालूच होती. म्हणजे २०११ सालीं लेखकांचा सल्ला मानून अन्नावर शेंकडा २० कर बसविला असता व गरिबांस पुरेपूर भरपाई दिली असती, तर २०२० सालीं कर पुरा उरला असता आणि भरपाई झिजून गेली असती. गरिबाच्या दृष्टीनें शून्य दर ही अजागळ सवलत असेल, पण ती कायद्यांत कोरलेली आहे; भरपाई ही सुबक सवलत खरी, पण ती पाण्यावर काढलेली आहे.

यावर लेखकांच्या बाजूनें कोणी म्हणेल कीं, जें सरकार मदत गोठवूं शकतें तें शून्य दरहि उठवूं शकतें. कायद्यानें पाहतां हें खरें आहे. अनुभवानें पाहतां नाहीं. १९९३ सालीं तेथील अर्थमंत्र्यांनीं घरगुती इंधनावर दोन टप्प्यांनीं कर बसविण्याचें जाहीर केलें. पहिला टप्पा शेंकडा ८ चा अमलांत आला, पण दुसरा १९९४ च्या डिसेंबरांत पार्लमेंटनें फेंटाळला, व १९९७ सालीं पहिलाहि ५ वर उतरवावा लागला. २०१२ च्या मार्चांत गरम पॅस्टीवर, म्हणजे भट्टींतून काढून ऊन ऊन विकल्या जाणाऱ्या भरल्या करंजीवजा पदार्थावर, शेंकडा २० कर घेण्याचा बेत निघाला. देशभर असा कांहीं गिल्ला झाला कीं दोन-अडीच महिन्यांत सरकारास माघार घ्यावी लागली. उलट, मदत गोठविली त्या चार वर्षांत आरडाओरडा झाला नाहीं असें नाहीं, परंतु सरकारास मागें फिरविण्याइतका तो झाला नाहीं. कर वाढविणें हें कृत्य आहे, तें सर्वांस दिसतें; मदत न वाढविणें हें अकृत्य आहे, आणि अकृत्याविरुद्ध मोर्चा काढणें कठीण. हा भेद कोणत्याहि सूत्रांत बसत नाहीं, म्हणून तो ग्रंथांत नाहीं. पण गरीब घरच्या गृहिणीस तो लेखकांपेक्षां अधिक कळतो, व म्हणूनच ती भाकरीवरील करास विरोध करते. लेखक जेथें तिचें अज्ञान पाहतात तेथें आम्हांस तिचा शहाणपणा दिसतो.

आणि ज्या देशांत आयकर भरणारांची संख्या लोकसंख्येच्या मानानें थोडी आहे तेथें हा सल्ला आणखीच जपून घेतला पाहिजे. ‘मिळकतीवरील कर नीट बसवितां येत असेल तर’ ही जी सिद्धान्ताची पहिली अट, तीच आमच्याकडे पुरी होत नाहीं. बँकेच्या खात्यांत थेट पैसे घालण्याची सोय अलीकडे झाली आहे खरी. पण खातें हें मिळकत किती आहे तें सांगत नाहीं, आणि शेतमजुराची किंवा फेरीवाल्याची मिळकत कोणत्याहि दप्तरांत नाहीं. तेव्हां ज्वारीवर कर नको व मोटारीवर हवा, हा ओबडधोबड भेद टाकून देण्यापूर्वीं त्याच्या जागीं काय येणार हें विचारलें पाहिजे.

घरांवरील करांचें प्रकरण मात्र आम्हीं दोनदां वाचलें, आणि दोन्ही वेळां निःशंकपणें लेखकांच्या बाजूचे झालों. याची पूर्वकथा मनोरंजक आहे. ज्यानें कोणाच्याहि वर्तनांत फरक पडत नाहीं असा कर शास्त्राच्या दृष्टीनें सर्वांत कार्यक्षम. आणि असा कर म्हणजे दरडोई सारखी पट्टी. ती पट्टी स्कॉटलंडांत १९८९ व इंग्लंडांत १९९० सालीं प्रत्यक्ष बसविण्यांत आली. लंडनच्या रस्त्यांत दंगा झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत थॅचरबाईंस पंतप्रधानपद सोडावें लागलें; त्यास ही पट्टीहि मोठ्या अंशानें कारण झाली. मग घाईघाईनें तिच्या जागीं १९९३ सालीं ‘कौन्सिल टॅक्स’ आला. त्यासाठीं इंग्लंडांतील घरांच्या किमती १९९१ सालच्या धरण्यांत आल्या, व त्या आजतागायत बदललेल्या नाहींत. सर्वांत खालच्या श्रेणींतलें घर ४०,००० पौंडांपर्यंतचें, सर्वांत वरच्या श्रेणींतलें ३,२०,००० पौंडांवरचें. किमतींत आठ पटींचें अंतर, करांत मात्र तिपटीचें! लेखक म्हणतात, हा कर मोडून घराच्या चालू किमतीच्या ठराविक प्रमाणांत कर घ्यावा. हें इतकें उघड आहे कीं, तें आजवर कां झालें नाहीं हेंच आश्चर्य वाटावें. पण ज्यांचीं घरें १९९१ पासून पुष्कळ पटींनीं वाढलीं त्यांस मतें आहेत, आणि ज्यांस घरें नाहींत ते बहुधा तरुण आहेत व मतदानास कमी जातात. मुंबईच्या वाचकांस हें चित्र परकें वाटूं नये. १९४७ च्या भाडेकायद्यानें भाडीं गोठलीं, घरपट्टी भाड्यावर बेतलेली, म्हणून तीहि गोठली. भांडवली मूल्यावरील आकारणी २०१० पासून आली तोंवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

घरखरेदीवरील मुद्रांकशुल्काविषयीं लेखकांनीं सरळ तें रद्द करा असें म्हटलें आहे. त्या वेळचा कायदा असा होता कीं, २,५०,००० पौंडांच्या घरावर शेंकडा १ प्रमाणें २,५०० पौंड शुल्क पडे, व किंमत एक पौंडानें वाढली कीं सबंध रकमेवर शेंकडा ३ लागून तें ७,५०० पौंड होई. एका पौंडासाठीं पांच हजारांचा भुर्दंड! हा वेडेपणा २०१४ च्या डिसेंबरांत दूर झाला. शुल्क मात्र राहिलें. तसाच दुसरा एक वेडेपणा, एक लाख पौंडांवरील मिळकतीस करमाफीची रक्कम हळूहळू काढून घेऊन तेवढ्याच पट्ट्यांत शेंकडा ६० दर उत्पन्न करण्याचा, २०१० सालीं सुरू झाला तो आजहि चालू आहे. ‘नॅशनल इन्शुअरन्स’ हा विमा नसून नांव बदललेला दुसरा आयकरच आहे, व दोन्ही एक करावे, हा सल्लाहि तसाच पडून आहे. त्याचें कारण सोपें आहे : निराळें नांव असलेला कर सरकारास फार सोयीचा. नोकरांच्या वर्गणीचा मुख्य दर २०२४ सालीं दोन हप्त्यांनीं १२ वरून ८ टक्क्यांवर आणून त्याचा गाजावाजा झाला, आणि २०२५ च्या एप्रिलांत मालकांची वर्गणी १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेण्यांत आली. मालकाची वर्गणी अखेर पगारांतूनच निघते, हें ग्रंथांत स्पष्ट लिहिलेलें आहे.

सारांश, सल्ल्यांपैकीं सोयीचे तेवढे उचलले गेले, गैरसोयीचे राहिले. असें होणारच, म्हणून लेखकांस दोष कां द्यावा, असें कोणी विचारील. आम्ही दोष देतों तो एवढ्यासाठीं कीं, याचा अनुभव त्यांच्याच देशांतील एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञास यापूर्वीं येऊन गेला होता, आणि तो अनुभव हिंदुस्थानांत आला होता. केंब्रिजचे निकोलस कॅल्डॉर यांनीं १९५६ सालीं भारताच्या करपद्धतीच्या सुधारणेवर अहवाल दिला. त्यांची योजनाहि एकसंध यंत्राचीच होती. आयकराचा सर्वांत वरचा दर शेंकडा ४५ हून अधिक नसावा. त्याच्या जोडीस संपत्तीवर, भांडवली नफ्यावर, देणग्यांवर व श्रीमंतांच्या खर्चावर कर असावेत. या सर्वांची माहिती एकाच विवरणपत्रांत भरावयाची, म्हणजे एका करांत लपविलेला पैसा दुसऱ्या करांत उघडा पडावा, अशी त्यांतली खुबी होती. सरकारनें नवे कर घेतले : भांडवली नफ्यावरील १९५६ सालीं, संपत्तीवरील व खर्चावरील १९५७ सालीं, देणग्यांवरील १९५८ सालीं. पण ४५ टक्क्यांची मर्यादा मात्र घेतली नाहीं. उलट १९७३-७४ पर्यंत वरचा दर अधिभारासह शेंकडा ९७.७५ वर जाऊन भिडला. खर्चावरील कर १९६२ सालीं उठला, १९६४ सालीं परत आला, १९६६ सालीं पुन्हां उठला. देणगीकर १९९८ पर्यंत व संपत्तिकर २०१५ पर्यंत रेंगाळला. यंत्राचीं चाकें सुटीं सुटीं नेऊन निरनिराळ्या गाड्यांस बसविलीं, आणि गाडी चालत नाहीं म्हणून यंत्रकारास नांवें ठेविलीं.

योगायोग असा कीं, त्याच १९५६ सालीं लिप्सी आणि लँकॅस्टर या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें कीं, उत्तम व्यवस्थेच्या अटींपैकीं एक जरी पुरी होत नसेल तर बाकीच्या अटी पाळणें हितकारक असेलच असें नाहीं. कधीं कधीं त्या मोडणेंच बरें. म्हणजे सुटीं चाकें उचलण्याचा धोका शास्त्रासहि ठाऊक होता. अशा स्थितींत सरकारनें अर्धाच सल्ला घेतला तर काय होईल, कोणता भाग एकटा घेतला तरी चालेल, आणि कोणता दुसऱ्यावांचून घेतल्यास अपायकारक होईल, हें सांगणारें एखादें प्रकरण या ग्रंथांत अवश्य पाहिजे होतें. घरांवरील चालू किमतीचा कर एकटा घेतला तरी हितकारकच. अन्नावरील कर भरपाईवांचून घेतला तर घातक. हे दोन सल्ले लेखकांनीं एकाच पंक्तीस बसविले आहेत. भरपाईचा दर महागाईशीं कायद्यानें जखडतां येतो कीं नाहीं, व जखडला तरी पुढील पार्लमेंट तो सोडवणार नाहीं याची हमी काय, या प्रश्नांस वीस प्रकरणांत थोडीशीहि स्वतंत्र जागा मिळूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

ज्यांस सबंध ग्रंथ वाचण्यास सवड नाहीं त्यांनीं दुसरें, नववें व सोळावें हीं प्रकरणें वाचावीं. दुसऱ्यांत तत्त्वांचें विवेचन आहे, नवव्यांत सवलती उठविण्याचा सविस्तर हिशेब, आणि सोळाव्यांत जमीन व घरें. कंपन्यांवरील करांचीं प्रकरणें कठीण आहेत, व त्यांस थोड्या पूर्वतयारीची गरज आहे. मर्लीज आज नाहींत. पण त्यांचे बरेच सहकारी लिहिते आहेत, व ग्रंथाची नवी आवृत्ति काढण्याचें त्यांच्यापैकीं कोणीं मनांत आणल्यास २०११ नंतरच्या वर्षांचा जमाखर्च तींत प्रथम यावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.